मावशीची साथ

रजा कशी मागावी, हे माझ्याकडून शिकावं. बढाई मारत नाही, अनुभव बोलतोय! आमच्या ऑफिसात रजेसाठी लोक काय काय करतात. कोणी ठणठणीत सासऱ्यांना अतिदक्षता विभागात नेऊन ठेवतो. कोणी घरात पाणी शिरल्याचं सांगतो आणि आपण चौथ्या मजल्यावर राहतो हे विसरतो. मी असलं काही करत नाही. माझा नियम सरळ आहे. खरं सांगायचं आणि थोडक्यात सांगायचं. खऱ्याला मरण नाही आणि थोडक्याला फाटे फुटत नाहीत.

आमची कंपनी कुलपं बनवते. मी तक्रार विभागात बसतो. कुलूप उघडत नाही म्हणून फोनवर तणतणणाऱ्या माणसाला ‘किल्ली उलटी घालून बघा’ असं गोड आवाजात सांगायचं, हे माझं काम. निम्म्या तक्रारी तिथेच मिटतात. संध्याकाळी घरी आलो की मी पेटी वाजवतो.

पेटी शिकवली मावशीने. आई-बाबा दोघं कामावर असायचे, त्यामुळे शाळा सुटली की मी मावशीकडे. ती शाळेत गाणं शिकवायची. जन्मभर तिने दुसऱ्यांच्या पोरांना सूर लावायला शिकवलं आणि स्वतः कधी मोठ्या मंचावर पाऊल ठेवलं नाही. कोणी बोलावलंच नाही. आता ती निवृत्त झाली आहे, गुडघे कुरकुरतात, पण आवाज असा की ती गायला बसली की शेजारी खिडक्या उघडतात. बंद करत नाहीत, हे महत्त्वाचं.

तर या मावशीला एके दिवशी संगीत महोत्सवातून फोन आला. एका गायकाने आयत्या वेळी नकार दिला होता आणि शुक्रवारची दुपार रिकामी पडली होती. तुम्ही गाल का, असं त्यांनी विचारलं. दुपारची वेळ म्हणजे लोक जेवून पेंगायला येतात ती. मावशीला त्याचं काय! ती फोन ठेवून आधी रडली आणि मग, ‘बघत काय बसलायस?’ म्हणून माझ्यावर ओरडली.

अडचण एकच होती. महोत्सवाच्या दिवसांत गावातले सगळे पेटीवाले कुठे ना कुठे अडकलेले. मावशीने सगळ्यांना विचारून पाहिलं आणि शेवटी माझ्याकडे वळली.

“तूच बस साथीला.”

“मी? दोन हजार लोकांसमोर?”

“मग मी नाही म्हणून कळवते. परगावच्या अनोळखी माणसाला घेऊन मी नाही बसायची. हात कापायला लागले तर शेजारी आपलं कोणी हवं.”

हे ऐकल्यावर माझी काय बिशाद! तिच्या आयुष्यात ही वेळ एकदाच आली होती आणि ती माझ्या रजेवर येऊन थांबली होती. रियाजासाठी बुधवार-गुरुवार आणि गाण्याचा शुक्रवार, एवढीच रजा हवी होती. पण नेमकी ऑफिसात वार्षिक तपासणी चालू होती आणि सगळ्यांच्या रजा बंद केल्या होत्या.

आमच्या साहेबांबद्दल दोन शब्द सांगायला हवेत. साहेब मनाने चांगले, पण जंतूंचे हाडवैरी. फोन उचलण्याआधी पुसतात, ठेवल्यावर पुसतात आणि पलीकडचा माणूस खोकला तर मधेच पुसतात. दार कोपराने उघडतात. त्यांच्याशी मोजकंच बोललेलं बरं, म्हणजे माझी पद्धत त्यांच्यासाठीच जन्माला आलेली. मी जेवणाची वेळ टळल्यावर आत गेलो आणि उभ्याउभ्याच सुरू केलं.

“साहेब, बुधवारपासून रजा हवी होती.”

“रजा बंद आहेत.”

“माहीत आहे साहेब. पण साथीचं आहे. माझ्या मावशीकडे.”

साहेबांनी पेन खाली ठेवलं. “साथीचं?”

“हो. मावशीला माझी साथ. दुसऱ्या कोणाची नाही.”

“तुम्हाला कधीपासून आहे ही?”

“तशी लहानपणापासून, साहेब. आली ती मावशीकडूनच.”

साहेबांच्या खुर्चीला चाकं आहेत. ती सावकाश मागे सरकून भिंतीला टेकली. “आणि इतकी वर्षं तुम्ही ऑफिसात बोलला नाहीत?”

“गवगवा कशाला करायचा? शेजाऱ्यांना थोडा त्रास होतो, तेवढंच. आता तेही सरावलेत.”

“तुम्हाला काय काय होतं?”

एवढ्या मोठ्या माणसाने इतक्या आपुलकीने विचारलं, तेव्हा मीही मोकळा झालो. “बोटं आखडतात. कंबर धरते. पायाला मुंग्या येतात. आणि खरं सांगू? शुक्रवारच्या विचाराने कालपासून छातीत धडधडतंय.”

“शुक्रवारी काय आहे?”

“शुक्रवारी दोन हजार लोकांत जायचंय, साहेब.”

“दोन हजार? अहो, दोन हजार लोकांत तुम्ही ही साथ...”

“मावशीची तशी इच्छाच आहे. कितीतरी वर्षांची.”

साहेबांनी खिशातून रुमाल काढून नाकावर धरला. मला वाटलं, भरून आलं असेल. रुमालाआडून आवाज आला, “बुधवार कशाला? आत्ताच जा. महिनाभर येऊ नका. आणि दाराला हात लावू नका, पायाने ढकला.”

मी बाहेर आलो तो हवेत तरंगतच. तीन दिवस मागितले तर महिना! कलेची केवढी ही कदर! मी उगाच या माणसाला रुक्ष समजत होतो.

केबिनच्या बाहेरच आमच्या टायपिस्ट बाई बसतात. त्यांना आम्ही ‘ताज्या बातम्या’ म्हणतो. भिंतीला कान असतात म्हणतात, तसे आमच्या भिंतीला आहेत आणि ते या बाईंचे आहेत. मी जिना उतरेपर्यंत बातमी कारखान्यात पोचली. तासाभरात आमच्या विभागातल्या प्रत्येकाची बोटं आखडायला लागली. बाईंची तर सगळ्यांत जास्त. आता बाई दिवसभर टाइप करतात, त्यांची बोटं वर्षानुवर्षं आखडतच होती, पण त्या दिवशी त्यांना ते नव्याने कळलं. तक्रार विभाग धुऊन काढला, औषध फवारलं आणि बाहेरून कुलूप लावलं. तपासणीला आलेली माणसं काहीही न तपासता पळाली. हे सगळं मला मागाहून समजलं. मी तेव्हा मावशीकडे बसून पेटीचा भाता मारत होतो.

गुरुवारी संध्याकाळी मावशीकडे असताना माझा फोन वाजला. मी स्वयंपाकघरात चहा टाकत होतो, त्यामुळे तो मावशीने घेतला. साहेबांची बाजू मला नंतर कळली, पण तुमच्या सोयीसाठी दोन्ही एकत्र सांगतो.

“मावशी, मी तुमच्या भाच्याचा साहेब. साथ कशी आहे?”

“कालपेक्षा बरी आहे. पण जोर फार आहे हो. मी सारखी सांगते, जरा दाब.”

“उतरेल ना लवकर?”

“उतरून कसं चालेल? उद्या तर खरी चढायला हवी.”

“डॉक्टरांना दाखवलंत का?”

“आमचे डॉक्टर खालीच राहतात. रोज संध्याकाळी येऊन बसतात. काल म्हणाले, अशी साथ फार वर्षांत बघितली नाही.”

पलीकडे फोन खसाखसा पुसल्याचा आवाज आला. मग साहेब कळवळून म्हणाले, “मावशी, मी हात जोडतो. तुम्ही दोघं उद्या घराबाहेर पडू नका.”

“अहो, जन्म घरातच गेला माझा. उद्या पडणार म्हणजे पडणारच. तुम्हीही या. सभागृहात पुढच्या रांगेत जागा ठेवायला सांगते.” आणि कुठलं सभागृह, किती वाजता, हे सगळं सांगून मावशीने फोन ठेवला.

“तुझे साहेब भारी काळजी करतात रे,” ती मला म्हणाली. “बाहेर पडू नका म्हणत होते. दृष्ट लागेल अशी भीती वाटत असावी.”

शुक्रवार उजाडला. सभागृह खच्चून भरलं होतं. दुपारची वेळ, त्यामुळे मागच्या रांगांत काही माना आधीच कलल्या होत्या. आम्ही मंचावर जाऊन बसलो. तबलजी महोत्सवाने दिलेला होता, तो निवांत होता. मी पेटी उघडली आणि मावशीकडे बघितलं. तिचे हात कापत होते. नुसती बोटं नाहीत, पार कोपरापासून.

“मला नाही जमायचं,” ती हळूच म्हणाली. “घशाला कोरड पडलीय. षड्जसुद्धा सापडत नाहीये. उठूया का आपण?”

मी तिला काय धीर देणार? माझीच पाचावर धारण बसली होती. जन्मभर वाट बघितलेली वेळ आली आणि ही उठून जाणार, एवढंच मला दिसत होतं आणि मला रडू यायच्या बेतात होतं. निवेदक आमची ओळख करून द्यायला मंचाच्या कडेला माइक घेऊन उभा होता. माइक चालू होता.

तेवढ्यात विंगेतून एक माणूस धावत आला. तोंडाला मास्क, हातात रबरी मोजे, अंगात आमच्या पॉलिश विभागातला प्लास्टिकचा एप्रन. पाठोपाठ आखडलेली बोटं सांभाळत ताज्या बातम्या. एप्रनवाल्याने निवेदकाला गाठलं आणि पुढचं संभाषण दोन हजार लोकांनी स्पष्ट ऐकलं.

“कार्यक्रम थांबवा! मंचावर साथ आहे!”

“हो, आहे ना. आत्ताच येऊन बसलीय,” निवेदक म्हणाला.

“तुम्हाला माहीत होतं?”

“म्हणजे काय! पत्रिकेत छापलंय.”

“छापलंय? अहो, इथे बायका आहेत, म्हातारी माणसं आहेत. हा त्या सगळ्यांना साथ देणार!”

“सगळ्यांना नाही हो. फक्त बाईंना. त्यांचेच भाचे आहेत.”

“पण थांबवत का नाही कोणी त्याला?”

“अहो, भले गृहस्थ,” निवेदकाचा आवाज चढला, “साथ थांबवली तर बाईंनी गायचं कसं? पेटीची साथ आहे ती!”

साहेब थिजले. त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग पेटीकडे बघितलं. मग पुन्हा माझ्याकडे. “पेटीची,” ते एवढंच म्हणाले. तेही माइकवर.

आधी पुढच्या रांगेत कोणीतरी खुदकन हसलं. मग हसू मागे मागे सरकत गेलं. पेंगणारे जागे झाले, शेजाऱ्याला काय झालं म्हणून विचारू लागले आणि कळल्यावर पुन्हा नव्याने हसू लागले. सगळं सभागृह गदगदत होतं. मला मात्र धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं होतं. गेल्या चार दिवसांतला प्रत्येक शब्द डोळ्यांपुढून जात होता. बोटं आखडतात! दोन हजार लोकांत जायचंय!

“काय झालं रे?” मावशीने विचारलं.

मी तिच्या कानात सांगितलं. तिने क्षणभर डोळे मिटले. “म्हणून तुझे साहेब उतरेल ना लवकर, असं विचारत होते!” आणि मग ती हसली. वर्गात एखाद्या पोराने भलताच सूर लावला की हसायची, तशी, पोट धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. पदराने डोळे पुसले आणि त्याच श्वासावर तिने षड्ज लावला.

काय लागला तो! मी लहानपणापासून तिचं गाणं ऐकतोय, पण असा षड्ज कधी ऐकला नव्हता. हात स्थिर होते. सभागृह अजून हसत होतं ते एकदम चूप झालं. पुढे तासभर मी काय वाजवलं मला आठवत नाही. एवढं आठवतंय की मध्येच वर बघितलं तर पुढच्या रांगेत साहेब एप्रन घालूनच बसले होते आणि रबरी मोज्यांत टाळी नीट वाजत नाही म्हणून मोजे काढत होते. गाणं संपलं तेव्हा सगळे उभे राहिले. मावशीला कळेना, लोक निघाले की काय. मी सांगितलं, अगं, तुझ्यासाठी उभे आहेत. इतका आनंद मला माझ्या स्वतःच्या कुठल्याही गोष्टीचा झालेला नाही.

आत आल्यावर महोत्सवाच्या अध्यक्षांनी तिथल्या तिथे मावशीला पुढच्या वर्षीचं आमंत्रण दिलं. आणि दुपारचं नाही, संध्याकाळचं! मी तिच्यापेक्षा जास्त फुगलो. तेवढ्यात साहेब आले. मी मान खाली घालून उभा राहिलो. आता मेमो मिळणार की नोकरीच जाणार, एवढाच प्रश्न होता.

साहेबांनी उघड्या हाताने माझा हात धरला. हात पुसला नाही. “मला गाण्यातलं काही कळत नाही,” ते मावशीला म्हणाले, “पण मी आज पहिल्यांदा दोन हजार माणसांत तासभर बसलो आणि कोण खोकलं ते मला समजलंसुद्धा नाही.” मग माझ्याकडे वळून म्हणाले, “सोमवारी या कामावर. आणि पुढच्या वर्षी मावशींच्या गाण्यासाठी लागेल तेवढी रजा घ्या. आत्ताच मंजूर केली असं समजा.”

मी गहिवरलो. “साहेब, तुमचे उपकार...”

“छे हो, याला कशाला रजा?” मावशी मध्येच म्हणाली. “पुढच्या वर्षी संध्याकाळची वेळ आहे. आता चांगला पेटीवाला मिळेल की!”

साहेबांनी माझ्याकडे अतिशय दयेने बघितलं. सोमवारपासून मी कामावर आहे. कुलूप उघडत नसेल तर जरूर फोन करा. संध्याकाळी मात्र करू नका, रियाजाला बसलेला असतो. वर्षभर केला तर बघू, असं मावशी म्हणाली आहे.