बिनपत्त्याची प्रार्थना

आमच्या शेजारचे शामुवेल भाऊजी देवाला पत्ता सांगितल्याशिवाय त्याच्याकडे काही मागत नाहीत.

"हे स्वर्गीय पित्या, दयासागरा, तुझा महिमा थोर आहे," अशी झकास सुरुवात करायची आणि मग डोळे मिटलेलेच ठेवून, "विश्रामबाग, तिसरी गल्ली, निळं फाटक, सुभेदार पवारांचं घर. त्येंच्या टाकीचं पाणी धा दिस झालं माझ्या भिंतीवर गळतंया. त्येंना सुबुद्धी दे, प्रभू." निळं फाटक आमचं. सुभेदार म्हणजे आमचे हे. आणि हे सगळं आमच्याच सोप्यात, आमचाच चहा पिऊन, ह्यांच्या गुडघ्यासाठी प्रार्थना करायला आलेले असताना! तोंडावर बोलले असते तर मी काय ऐकून घेतलं असतं होय? पण डोळे मिटलेल्या माणसाशी भांडायचं कसं? दुसऱ्या दिवशी प्लंबर आणला.

भाऊजी पोस्टमन होते. सगळी उमर सायकलवरनं सांगली-माधवनगर पालथं घातलेलं. त्यांचं ठाम मत, "वैनी, अर्धवट पत्त्याचं पाकीट आनी अर्धवट पत्त्याची प्रार्थना, दोनी भलतीकडंच जात्यात." त्याला पुरावाही होता. एकदा त्यांनी चर्चमध्ये नुसतं "पवारांच्या पोराला नोकरी लागू दे" एवढंच मागितलं. आठ दिवसांत नोकरी लागली ती माधवनगरच्या कुठल्याशा पवारांच्या पोराला. आमचा संतोष घरीच. मग फौजेच्या भरतीच्या वेळी भाऊजींनी मैदानाचा पत्ता, फाटक कुठल्या बाजूला, संतोषच्या छातीवरचा नंबर, सगळं घालून प्रार्थना केली आणि संतोष लागला. आता यावर काय बोलणार? मी देवळात जाणारी बाई, पण तेव्हापासून मीही अंबाबाईला मनातल्या मनात गल्लीचा नंबर सांगते.

एक मात्र होतं. त्यांच्यात प्रार्थना चालू असली की 'आमेन' होईपर्यंत कुणी हलायचं नाही. भाजी करपो नाहीतर दूध उतू जावो. भाऊजींच्या बायको मार्था वहिनी होत्या तोवर त्या मागनं त्यांचा सदरा ओढायच्या. त्या गेल्या आणि गाडीचा ब्रेकच गेला. एका नाताळात त्यांच्या घरी करंज्या पुढ्यात ठेवून आम्ही बसलो होतो, तर भाऊजी आष्ट्याच्या चुलतमेव्हण्याच्या म्हशीपर्यंत पोचले. मी एक डोळा किलकिला करून पाहिलं, तर समोर त्यांची नात रूथही तशीच पाहत होती, आणि तिच्या तोंडात करंजी होती.

ही रूथ सात वर्षांची. आईबाप दोघंही दवाखान्यात कामाला. भाऊजींचा मुलगा प्रकाश रक्त तपासायचा, सून सालोमी नर्स. त्यामुळं पोर सगळी आजोबांच्या अंगावर. त्यांनीच शाळेतनं सायकलवर आणायची, वेणी घालायची, तीसुद्धा वाकडी. आणि रोज संध्याकाळी रूथ चिठ्ठी लिहून आजोबांच्या हातात द्यायची आणि आजोबा ती पार कोपऱ्यापर्यंत सायकल मारून, परत येऊन, घंटी वाजवून तिलाच आणून द्यायचे. सही घेतल्याशिवाय द्यायचे नाहीत.

तर गेल्या वर्षी प्रकाशनं सांगितलं, आम्ही चाललो. कुठं? मलावीला. आफ्रिकेत. तिथं मिशनचा दवाखाना आहे, माणसं नाहीत. सहकुटुंब जायचं, चार वर्षं. मधे एकदा सुट्टी.

माझं डोकंच फिरलं. आमच्यात पोरं फौजेत जातात, पण वर्षाला रजेवर येतात की! मी प्रकाशला फाटकातच धरला. "का रं बाबा, हितला म्हातारा एकटा टाकून तिथल्या म्हाताऱ्यांची सेवा करायला चाललास होय?"

तो शांतपणे म्हणाला, "काकू, बाबांनीच मागितलंय हे."

खोटं नव्हतं. प्रकाश पाळण्यात होता तेव्हापासून भाऊजींची एक ठरलेली प्रार्थना होती. दर रविवारी, भर मंडळीत, उभं राहून. "प्रभू, तुझ्या शेतात माझ्या घरचा एक गडी घे. दिला म्हंजे दिला. मागारी मागणार न्हाई." म्हणजे पोरगं देवाच्या कामाला वाहिलेलं, आणि ते हे ऐकतच मोठं झालं. दुसरं काय करणार होतं?

आता चर्चमध्ये भाऊजींचा थाट काय विचारता! पाळकसाहेबांनी त्यांना पुढं बसवलं. बायका येऊन म्हणायच्या, "किती भाग्यवान हो तुम्ही!" त्यातल्या एकीनंही आपलं पोर मिरजेच्या पुढं धाडलं नव्हतं. मी निरोपाच्या उपासनेला गेले होते, मला सगळ्यांच्या अंगावर ओरडावंसं वाटत होतं. भाऊजी आपले हसत होते, सगळ्यांना त्यांच्यातला 'सलाम, सलाम' करत होते.

घरी आल्यावर मात्र आमच्या पायरीवर येऊन बसले. म्हणाले, "वैनी, चूक माझीच हाय. उभ्या जल्मात एकच प्रार्थना बिनपत्त्याची केली. मला वाटलं, देवाचं शेत म्हंजे जत. लय झालं तर नंदुरबार. सकाळी बसलं की सांजंला पोचतंय." आणि मग, "प्रकाशला पत्ता मागितला. म्हनतोय, तिथं घराला नंबर नसतोय. पोस्टमन दारात येतच न्हाई. दवाखान्याची एक पेटी हाय, तिच्यात सगळ्यांची पत्रं. ज्या देशात पोस्टमन दारात जात न्हाई, तिथं माझी नात ऱ्हानार व्हय?"

"मग सांगा की पोराला, जाऊ नको म्हणून!" मी कडाडले.

"कसं सांगू? भर मंडळीत दिलंय."

असला राग आला मला! त्यांचा, त्यांच्या देवाचा, सगळ्यांचाच. पण त्यांच्याकडे बघितलं आणि आत गेले. चहा टाकला.

जायच्या दिवशी सकाळी नऊला गाडी दारात आली. बॅगा चढल्या. रूथला खिडकीची जागा हवी होती, तेवढ्यावरनं थोडी रडारड झाली. पाळकसाहेब म्हणाले, "भाऊ, तुम्हीच प्रार्थना करा." सगळे गोलात उभे राहिले, भाऊजींनी एक हात रूथच्या डोक्यावर ठेवला आणि सुरू केलं.

आधी गाडी, मग गाडीची चाकं, मग ड्रायव्हर, त्याचं गाव, त्याची पोरंबाळं. मग रस्ता. "पेठनाक्यावर सांभाळ, प्रभू. कराडात लय गर्दी असती, तिथं सांभाळ. साताऱ्यात च्या प्यायला थांबतील, तवा रूथला उतरू देऊ नगं, गाड्या जोरात असत्यात. खंबाटकीच्या घाटात सांभाळ." असं करत पुणं आलं, मुंबई आली, विमानतळ आला, विमान वर गेलं. आणि तिथं भाऊजी अडकले. "त्येच्या म्होरं... त्येच्या म्होरं प्रभू, घराला नंबर न्हाई. गल्लीबी मला ठावं न्हाई."

मला वाटलं, आता संपलं. तर त्यांनी पुन्हा आमच्या गल्लीपासून सुरुवात केली. "विश्रामबाग, तिसरी गल्ली, प्रभू. हितनं गाडी निघंल..."

ड्रायव्हर घड्याळ बघत होता. सालोमीच्या गालावरनं पाणी गळत होतं आणि पुसायलाही तिचा हात उठत नव्हता. प्रकाश बापाला थांबवू शकत नव्हता. बापाच्या प्रार्थनेला मुलगा कसा थांबवणार? भाऊजी दुसऱ्यांदा कराडला पोचले. मला ते बघवेना. म्हाताऱ्याचे शब्द संपलेत, कुणीतरी त्याची सुटका केली पाहिजे, असं मला वाटलं. आणि मी, देवळात जाणारी पवारीण, सगळ्यांच्या आधी मोठ्यांदा म्हणाले, "आमेन!"

लगेच सगळे आमेन म्हणाले. डोळे उघडले, मिठ्या झाल्या, दारं धडाधड लागली, गाडी निघाली. रूथ खिडकीतनं हात हलवत होती. भाऊजी मात्र तसेच उभे. डोळे मिटलेले, आणि पोरीच्या डोक्याच्या उंचीवर हात तसाच.

गाडी कोपऱ्यावरनं वळल्याचा आवाज आला, तेव्हा त्यांनी डोळे उघडले.

"वैनी," ते म्हणाले, "तुमी आमेन का म्हनलासा? माझी अजून झाली नव्हती."