मॉडेलची मिशी

जयमालाबाईंच्या आयुष्यातला शेवटचा साधा दिवस मिशीवरून झालेल्या भांडणाने सुरू झाला.

शनिवार होता. अंगणात भिमाजी पाटावर बसले होते आणि आसाराम न्हावी त्यांची दाढी करत होता. दाढी झाली. मग सवयीने त्याने कात्री उचलली, मिशीचं टोक चिमटीत धरलं, तोच चुलीपासून जयमालाबाईंचा आवाज आला.

"आसारामभाऊ, त्या मिशीला हात लावाल तर बघा!"

"वैनी, नुसती टोकं बारीक..."

"टोकं न्हाई अन् बुडखा न्हाई. पोरीचं चित्र पुरं होईस्तोवर ती मिशी घरची न्हाई, कॉलेजची हाय."

"माजी मिशी, अन् मला कुनी इचारायचं न्हाई?" भिमाजी म्हणाले.

"तुमाला काय इचारायचं? तुमी नुसतं बसायचं. सरांनी तेवढंच सांगितलंय."

त्यांची लेक सीमा श्रीरामपूरच्या चित्रकला महाविद्यालयात शेवटच्या वर्षाला होती. महाविद्यालय म्हणजे कापसाच्या गोदामावरचे दोन हॉल. एकात चित्रकलेची मुलं, दुसऱ्यात घरांचे नकाशे काढायला शिकणारी. व्यक्तिचित्रासाठी दरवर्षी तिथला शिपाईच बसायचा, आणि दरवर्षी तेच तोंड पाहून बाहेरून येणारे परीक्षक कंटाळले होते. यंदा भिमाजी लेकीचा विसरलेला डबा द्यायला जिना चढून वर आले. सरांनी त्यांची मिशी पाहिली आणि डब्यासकट त्यांना खुर्चीवर बसवलं. तेव्हापासून शनिवारच्या बैठका चालू होत्या. आजची एक आणि पंधरवड्यानंतरची शेवटची एवढ्याच उरल्या होत्या.

जयमालाबाईंनी स्वतः मिशीला तेल लावलं, फेटा सरळ केला आणि बापलेकीला एसटीपर्यंत सोडलं. "वाटंत कुनाशी हसू नका," त्यांनी नवऱ्याला बजावलं. "हासलं की मिशी हालती."

हे सगळं चाललेलं असताना सीमा काही बोलली नव्हती. ती मुळातच कमी बोलायची. तिच्या मनातलं चारचौघांत सांगायचं काम लहानपणापासून आईकडे होतं. कॉलेजात नाव घालताना भावकीशी भांडल्या त्याही जयमालाबाईच. सीमा दाराआड उभी होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी जयमालाबाई भाकरी थापता थापता छातीला हात लावून बसल्या. डॉक्टर येईपर्यंत सगळं संपलं होतं.

त्यानंतर भिमाजी बोलायचे थांबले. माणसं येत, बसत, चहा घेऊन जात. भिमाजी भिंतीकडे बघत. तिसगावहून त्यांची थोरली बहीण गोजरबाई आल्या आणि त्यांनी घर ताब्यात घेतलं. त्यांचं मन वाईट नव्हतं, पण त्यांना कुठलीही गोष्ट लोंबकळत ठेवायला आवडत नसे.

"दहावं झालं की ते श्रीरामपूर बंद," त्या सीमाच्या डोक्यावरून सगळ्यांना सांगत. "घरात बाईमानूस न्हाई. चूल कोन पेटवनार? अन् मानसांची तोंडं काढून पोट भरतं व्हय?"

सीमा भांडी घासत ऐकत होती. भिमाजी भिंतीकडे बघत होते.

ते बोलले एकदम दहाव्यालाच. प्रवरेच्या काठावर भावकी जमली होती, गुरुजी दर्भ मांडत होते आणि आसारामने वस्तरा काढला होता. मुलगा नव्हता, त्यामुळे क्रियाकर्म भिमाजीच करत होते.

"डोकं घे," भिमाजी म्हणाले. "मिशी न्हाई."

आसारामचा हात थांबला. "तात्या, असं कसं?"

"तुज्यासमूरच सांगून गेली ना? चित्र पुरं होईस्तोवर हात लावायचा न्हाई. साक्षीदार हाईस तू."

"मी न्हावी हाय तात्या, साक्षीदार न्हाई."

भावकीतले थोरले रंभाजी काठी टेकत पुढे आले. "भिमा, बायको जाऊन धा दिस झाले न्हाईत, अन् तू मिशीला पीळ देतूस?"

"पीळ देत न्हाई. संभाळतुया."

"गुरुजी, तुमी सांगा याला."

"शास्त्रात क्षौर सांगितलंय," गुरुजी म्हणाले. "त्यात मिशी आली."

"शास्त्रात पोरीची परीक्षा आली का?"

गुरुजींनी घड्याळाकडे पाहिलं. त्यांना दुपारच्या आत पलीकडच्या गावात आणखी एका दहाव्याला जायचं होतं. "निदान डोकं तरी होऊ द्या," ते म्हणाले.

डोकं झालं. ते फेट्याखाली जाणार असल्यामुळे भिमाजींची त्याला हरकत नव्हती. तेवढ्यात सीमाच्या वर्गातला चेतन धापा टाकत नदीवर पोचला. वर्गाच्या वतीने तो भेटायला आला होता. भिमाजींचं तुळतुळीत डोकं पाहून त्याचा चेहरा पांढरा पडला. मग त्याची नजर खाली आली आणि त्याने सगळ्यांना ऐकू जाईल एवढा मोठा श्वास सोडला.

"काका, फार वाईट झालं," तो म्हणाला. "पण आहे."

"काय हाय?" रंभाजींनी विचारलं.

"मिशी. म्हणजे... आमच्या अख्ख्या वर्गाची परीक्षा काकांच्या तोंडावर आहे. आता मॉडेल बदलता येत नाही असं सर म्हणाले."

"घ्या!" रंभाजी म्हणाले. "म्हंजे आता ही मिशी सरकारजमा झाली."

पिंड मांडले गेले. मंडळी मागे सरकली. बाभळीवर चार-पाच कावळे बसले होते. ते पिंडांकडे बघत होते, एकमेकांकडे बघत होते, पण खाली येत नव्हते.

"जयमाला," रंभाजींनी हात जोडले, "हिरीवरची मोटार दुरुस्त करून देतो गं भिमाला."

कावळे हलले नाहीत.

"काकू," चेतन घसा साफ करून म्हणाला, "सीमाच्या वह्या... म्हणजे बोर्ड, कागद, सगळं आम्ही बघू."

एक कावळा उडाला आणि लांबच्या झाडावर जाऊन बसला. चेतन मागे सरकला.

"कसा शिवंल?" गर्दीतून कुणीतरी म्हणालं. "म्होरं मिशी दिसतीया ना त्याला!"

एवढं निघायचा अवकाश, सगळी भावकी पिंड सोडून भिमाजींभोवती जमली. एकाने सांगितलं, आपल्या चुलत्याने नुसते कल्ले ठेवले होते तर कावळा शिवायला संध्याकाळ झाली होती. दुसरा म्हणाला, अर्धी काढा आणि बघा. "अर्धीचा काय उपयोग?" चेतन ओरडला. "निम्मा वर्ग दुसऱ्या बाजूला बसतो!" बायकाही उठून तिकडे गेल्या. निकाल काय लागतो हे पाहायला गुरुजीसुद्धा गेले. पिंडांपाशी एकटी सीमा उरली.

मधोमध भिमाजी उभे होते. बोडक्या डोक्यावर ऊन चमकत होतं आणि मिशी थरथरत होती.

"तिचा शबुद हाय," ते म्हणत होते. "जित्यापनी मी तिचं कंदी ऐकलं न्हाई. येवढं एक ऐकनार."

"अन् तुज्या मिशीपायी ती अडकली तर?" गोजरबाई म्हणाल्या. मग त्यांनी पदर सावरला आणि नदीकडे तोंड करून मोठ्याने सांगून टाकलं, "जयमाला, काळजी करू नगंस. माज्या नंदेचा पोरगा हाय राहुरीला, शुगर फॅक्टरीत. याच उन्हाळ्यात सीमाचं लगीन लावते. कॉलेज-फिलेज सगळं बंद. जा आता सुखानं."

भावकीने माना डोलावल्या. भिमाजींनी मात्र लगीन ऐकलं की नाही कोण जाणे. ते 'अडकली' या शब्दापाशीच थांबले होते. त्यांनी एकदा बाभळीकडे पाहिलं आणि हळूच दगडावर बसले.

"अडकली असंल," ते म्हणाले. "घे रं आसाराम."

आसारामने ओंजळीतलं पाणी मिशीला लावलं. चेतनने डोळे मिटले. वस्तरा ओठापाशी आला.

"कावळा शिवलाय."

कोण बोललं ते पहिल्यांदा कुणाला कळलंच नाही. त्या आवाजाची तिथे कुणाला सवय नव्हती.

"कवा?" रंभाजींनी विचारलं.

"मघाशी," सीमा म्हणाली. "तुम्ही सगळे तिकडं गेलात तेव्हा. आत्या लग्नाचं बोलल्या त्याच्या आधी."

सगळे पिंडांकडे धावले. एक पिंड फुटला होता, शितं वाळूत पसरली होती. गुरुजींनी वाकून पाहिलं आणि मान हलवली.

"अगं मग तोंडातून शबुद काढायचा न्हाई व्हय?" गोजरबाई म्हणाल्या. "आमी इथं नरडी फोडतुया!"

"दादा भांडत होते," सीमा बापाकडे बघत म्हणाली. "दहा दिवसांत पहिल्यांदा."

भिमाजींनी मान खाली घातली. मग त्यांनी आसारामचा हात बाजूला सारला. "शिवला ना? मग मिशी ऱ्हाऊ दे."

"काढा, दादा. मिशी मी पहिल्याच दिवशी पुरी केलीय. आता कान राहिलेत."

भिमाजींनी नकळत दोन्ही कानांना हात लावला.

"माझी राहिलीय," चेतन पुटपुटला.

"तू तुझ्या वडलांना बसव."

कुणीतरी फिस्सकन हसलं. त्या गोजरबाई होत्या. त्यांनी पदराचा बोळा तोंडात कोंबला, पण खांदे हलायचे थांबेनात, आणि मग हसता हसताच त्या रडू लागल्या. त्यांच्यामागून इतर बायका. भिमाजींनी आसारामपुढे हनुवटी केली. वस्तरा दोनदा फिरला. मिशीखालचा ओठ गोरा आणि अगदी कोवळा निघाला. भिमाजींनी तो उपरण्याने झाकून घेतला.

गोजरबाईंनी डोळे पुसले. आपण हसलो याचा त्यांना आता राग आला होता.

"कान काय अन् मिशी काय!" त्या म्हणाल्या. "नंदेला मी काय सांगू? तुज्या मनात तरी काय हाय, पोरी? येकदाचं सांगून टाक."

सीमाने सवयीने शेजारी पाहिलं. तिथे कुणी नव्हतं. सगळी भावकी थांबली होती. गुरुजींनीही घड्याळ बाहीखाली सारलं होतं.

"मला शिकायचंय, आत्या," ती म्हणाली.

ते जवळच्यांनाच ऐकू गेलं. मागच्या माणसांनी "काय म्हनली? काय म्हनली?" असं विचारायला सुरुवात केली. तेव्हा सीमा उभी राहिली, हाताची वाळू झटकली आणि पलीकडच्या काठापर्यंत जाईल अशा आवाजात म्हणाली,

"मला शिकायचंय!"