अकरा गुरुप्रसाद

शमिकाने शिवणकाम आणि भरतकाम दोन्ही करणारं मशीन घ्यायला साडेतीन महिने लावले. आरोग्य केंद्रात ती रक्ताचे नमुने तपासायची, त्यामुळे एका नमुन्यावरून निष्कर्ष काढायचा नाही ही तिची शिस्त होती. तिने नऊ मशीनांचा तक्ता केला. कापड ताणून धरणारी रिंग केवढी, मिनिटाला टाके किती, दोरा तुटला तर मशीन थांबतं की तसंच हवेत शिवत राहतं. शेवटी मोठ्या रिंगेचं मशीन ठरलं, कारण लहान रिंगेत लांब नाव मावत नाही.

तिच्या नवऱ्याचं, गुरुप्रसादचं, म्हणणं साडेतीन महिने एकच होतं. "आईच्या पायाच्या मशीनला काय धाड भरली हाय?"

"त्यावर नाव भरता येत नाही."

"कोणाचं नाव भरायचं हाय?"

"वाडीच्या टीमचं. अनिल भावजींनी अकरा शर्ट दिलेत, रविवारच्या मॅचचे."

गुरुप्रसादने खोक्यावरचा मजकूर वाचला. "सात दिवसांत परत करता येतं. रविवारी सातवा दिवस. टीमचं काम नीट झालं तर ठेव, नायतर मी सोताच परत पाठवतंय."

काम सोपं नव्हतं. गेल्या मे महिन्यात कोणीतरी लांज्याचा एक गोलंदाज आणून त्याला वाडीतला जावई म्हणून खेळवला होता. तेव्हापासून स्पर्धेत नियम झाला: यादीत जे नाव तेच पाठीवर, नाहीतर टीम बाद. नियम सांभाळायला गुणलेखक हरिश्चंद्र गुरुजी होते. निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली तरी ते हजेरी घेतल्यासारखेच बघायचे.

मशीनमध्ये अक्षरांचे अकरा प्रकार होते, सगळे इंग्रजी. शिवाय बदकाची सात चित्रं. मराठी नावं शमिकाने रत्नागिरीतल्या एका दुकानातून पेनड्राइव्हवर करून आणली: एक चाचणीसाठी नवऱ्याचं आणि मग खेळाडूंची अकरा. उशीच्या अभ्र्यावर चाचणी झकास उतरली. संपल्यावर मशीन आपणहून पुढच्या नावावर जाईल, असं तिने गृहीत धरलं. आयुष्यात पहिल्यांदाच तिने एका नमुन्यावरून निष्कर्ष काढला.

रविवारी सकाळी तिला अचानक तपासणी शिबिराला बोलावलं. निघताना ती म्हणाली, "शर्ट रिंगेत घट्ट बसवायचा, हिरवं बटण दाबायचं. संपला की दुसरा. बाकीचं मशीन बघेल."

गुरुप्रसादने बटण दाबलं. अकरा मिनिटांत निळ्या शर्टाच्या पाठीवर पिवळं नाव उमटलं: गुरुप्रसाद. तो बघतच राहिला. टीमच्या पाठीवर एरवी देणगीदाराचं नाव असे. गेल्या वर्षी सिमेंटच्या दुकानाचं होतं. आणि तो स्वतः सोळा वर्षं मैदानावर चहाचा थर्मास नेत होता, त्याला बॅट धरायला कोणी सांगितलं नव्हतं. त्याच्या मनातलं बायकोने बरोबर हेरलं होतं. त्याने डोळे पुसले आणि दुसरा शर्ट रिंगेत बसवला.

शमिका एक वाजता परतली. दोरीवर अकरा गुरुप्रसाद वाळत घातल्यासारखे टांगले होते.

"अहो, हे काय?"

"काय म्हणजे? मी बोलत नाय म्हणून मला कळत नाय असं नाय गो."

शमिकाने उसवून परत भरायचा हिशेब केला. एका नावात पाच हजार आठशे टाके होते, अकरांत त्रेसष्ट हजार आठशे. मॅच दोनला.

अनिल शर्ट न्यायला आला. मुंबईत तो कुरिअरच्या ऑफिसात होता. चुकीच्या पत्त्याचं पार्सल हातात घेऊन शांत राहायची त्याला सवय होती. "वहिनी, माझं नाव कुठं हाय?"

"पेनड्राइव्हवर आहे, भावजी."

त्याने दोन मिनिटं विचार केला. "यादीत जे नाव तेच पाठीवर ना? मग पाठ नको बदलूया. यादी बदलूया." आणि त्याने नव्या कागदावर अकरा वेळा गुरुप्रसाद लिहिलं.

सड्यावरच्या कातळी मैदानात समोरच्या टीमने, खालच्या वाडीने, पहिली फलंदाजी घेतली. गुरुजींनी यादी आणि पाठी ताडून पाहिल्या; जुळल्या. सहा षटकांची मॅच. लाउडस्पीकरवरचा समालोचक बाहेरून आणलेला होता, तो कोणालाच ओळखत नव्हता. "गुरुप्रसादने चेंडू टाकलेला आहे! उंच फटका! खाली गुरुप्रसाद... गुरुप्रसादने झेल सोडलेला आहे! पण मागे गुरुप्रसाद उभा आहे! आणि गुरुप्रसादने गुरुप्रसादला शिवी दिलेली आहे!"

खालच्या वाडीच्या सदतीस धावा झाल्या. मग अनिल फलंदाजीला गेला आणि पहिल्याच चेंडूवर त्याची दांडी उडाली. त्याच्या जागी वाडीतला बाबू आत आला, तसा खालच्या वाडीचा कप्तान सम्यक ओरडला, "गुरुजी! हा आऊट झालाय!"

गुरुजींनी वही पाहिली. गुरुप्रसाद, त्रिफळाचीत, शून्य. मग त्यांनी बाबूची पाठ पाहिली. "परत कसा आलास?"

"गुरुजी, मी दुसरा."

"कुठला दुसरा?"

"मी बाबू! तुमच्या शेजारचा! सकाळी तुम्हाला दूध दिलं!"

"मग हा शर्ट कोणाचा घातलास?"

सम्यकने आधार कार्डं मागितली. अकराही जणांनी मोबाइल काढले. अकरांतला एकही गुरुप्रसाद निघाला नाही. गुरुजींनी चष्मा पुसला. "म्हणजे यादीतला एकही माणूस मैदानावर नाही. जो आऊट झाला तोही यादीत नाही, तेव्हा ती विकेट रद्द. गुरुप्रसाद नावाचा कोणी हजर असेल तर तो एकटा फलंदाजी करेल. पलीकडे उभं राहायला कोणीही चालेल. तो आऊट झाला की डाव संपला. हजर नसेल तर टीम बाद."

शमिकाला सातवा दिवस आठवला. टीम बाद झाली तर कारण मशीन, आणि मशीन संध्याकाळी खोक्यात. मैदानावरची सगळी माणसं मात्र चहाच्या थर्मासकडे बघत होती.

"मी?" गुरुप्रसाद म्हणाला. "मला नाय जमायचं!"

"जमायचं काय हाय?" अनिलने स्वतःचा घामेजला शर्ट त्याच्या डोक्यातून खाली ओढला. तो पोटावर अडकला. "नुसता उभा राव."

गुरुप्रसाद उभा राहिला, भीतीने पार यष्टींना चिकटून. वाडीच्या क्रिकेटमध्ये एलबीडब्ल्यू नसतो. तीन यष्टी मिळून साधारण नऊ इंच रुंद भरतात, आणि गुरुप्रसाद कुठल्याही बाजूने मोजला तरी जास्त भरतो. पहिला चेंडू पोटावर बसून सीमेपार गेला.

"हलू नका!" शमिका बांधावरून ओरडली. "अजिबात हलू नका!"

"दुखतंय गो!"

"दुखू दे!"

गोलंदाज त्याला वळसा घालून यष्टी गाठायच्या प्रयत्नाला लागले, आणि वळसा म्हटलं की वाइड. सम्यकने पाच गोलंदाज बदलले. षटक संपलं की गुरुप्रसाद पोट धरून पलीकडच्या टोकाला जायचा आणि तिथे पुन्हा खांबासारखा रुतायचा. शेवटचं षटक संपायच्या आत अडतीस धावा झाल्या: तीस वाइड, आणि दोनदा पोटावरून सीमेपार गेलेल्या आठ. त्याच्या बॅटला चेंडू एकदाही लागला नाही.

"सामनावीर गुरुप्रसाद!" समालोचक ओरडला, आणि सवयीने दहा जण पुढे सरकले.

संध्याकाळी पोटावर बर्फाची पिशवी ठेवून गुरुप्रसाद आडवा पडला होता. शमिकाने हळूच विचारलं, "आज सातवा दिवस. परत पाठवायचं ना?"

"खुळी की काय? मशीन नसतं तर मी कोण होतो?"

तेवढ्यात दारात सम्यक आला. "वहिनी, आमच्या टीमचे शर्ट करायचेत. दहा."

"दहा? टीममध्ये अकरा असतात ना?"

"दहाच," सम्यक म्हणाला आणि तिच्या खांद्यावरून आत बघत राहिला. "अकराव्याचंच बोलायला आलोय."

गुरुप्रसाद बर्फाच्या पिशवीसकट उठून बसला. थोडा विचार करून त्याने अट घातली.

"येईन. पण माझ्या पाठीवर नाव भरू नका. आता लोक तसंच ओळखतात."