आठवं कलम

कंपाउंडर म्हणून एवढ्या वर्षांत मी एकही नियम मोडलेला नाही, हे आजही छातीठोकपणे सांगतो. तंबाखूच्या डबीचा प्रकार तेवढा सोडून द्या. पण आता विषय निघालाच आहे, तर तोही सांगून टाकतो.

आमच्या दवाखान्याच्या डॉक्टर दाक्षायणीबाई एके दिवशी जेवायला गेल्या होत्या आणि नातेपुत्याचा एक गृहस्थ पोट धरून आला. मी सहज त्याच्या पोटाला हात लावून पाहिला. बरगडीखाली काहीतरी कडक लागलं. मी गंभीर होऊन म्हणालो, "लिव्हर दगडासारखं झालंय." गृहस्थ रडायला लागला. त्याचा भाऊ गावाकडं तार करायला पोस्टात पळाला. बाई जेवून आल्या, त्यांनी त्याच्या सदऱ्याआत हात घातला आणि बंडीच्या खिशातून तंबाखूची डबी बाहेर काढली.

दुसऱ्या दिवशी माझ्या खोलीच्या भिंतीवर बाईंच्या अक्षरातला कागद लागला. कंपाउंडरने काय करावे आणि काय करू नये, अशी सात कलमं. जुन्या रुग्णांचं चालू औषध भरून द्यावं, पट्टी बदलावी, इथपर्यंत माझी हद्द. रुग्ण तपासू नये. नाडी पाहू नये. नवीन औषध देऊ नये. डॉक्टर समोर असल्याशिवाय इंजेक्शन देऊ नये. आणि सातवं, शंका आल्यास रुग्णाला ताबडतोब सिव्हिल हॉस्पिटलला पाठवावे. बाई कमी बोलायच्या, पण त्यांचं वाक्य संपलं की पूर्णविरामसुद्धा ऐकू यायचा. मी सातही कलमं पाठ केली.

आमचं रुग्णालय म्हणजे विणकरांच्या वस्तीला लागून असलेलं एका ट्रस्टचं, दहा खाटांचं. औषधाच्या खोलीला बाहेरून वीतभर उंचीची खिडकी होती. तिच्यातून एक हात बाटली आणि कागद घेऊन आत यायचा, मी बाटली भरून द्यायचो, हात परत जायचा. सूत गुंडाळून भेगाळलेले हात, विड्या वळून पिवळे पडलेले हात, सगळे माझ्या ओळखीचे. त्यांच्या मालकांची तोंडं मात्र मी क्वचितच पाहिली असतील, आणि त्यांनी माझं.

शुक्रवार पेठेत माझी एक खोली होती. बायको जाऊन नऊ वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं. करकंबला भाऊ होता, त्याचं पत्र दिवाळीला यायचं. रविवारी खानावळीत "वाढा" आणि "पुरे" एवढे दोन शब्द बोलून व्हायचे. सोमवारी सकाळी तिसरा शब्द काढायला गेलं की घसा गंजलेल्या बिजागरीसारखा करकरायचा.

तर चौऱ्याहत्तर सालच्या एप्रिलमध्ये बाई डॉक्टरांच्या एका परिषदेसाठी पुण्याला निघाल्या. सोमवार ते गुरुवार. खाटांवर त्या आठवड्यात कुणी नव्हतं. जाताना बाई म्हणाल्या, "धोंडीराम, दाराला पाटी लावा. आणि कागद?"

"पाठ आहे, बाई."

"पाठ असून उपयोग नाही. पाळा."

'डॉक्टर शुक्रवारपर्यंत नाहीत' अशी पाटी मी लावली. मग वारा सुटला आणि पाटी उलटी झाली. ती मी सुलटी केली नाही, हे खरं आहे. पण उलटी झालेली पाटी सुलटी करावी असं सातांपैकी एकाही कलमात नव्हतं.

सोलापूरचा एप्रिल. माझ्या खोलीत पंखा नव्हता, बाईंच्या खोलीत होता. पंख्याखाली एकच खुर्ची होती. मी बसलो. तेवढ्यात पडदा बाजूला सारून विड्यांच्या कारखान्यातली कमलम्मा आत आली आणि समोरच्या स्टुलावर टेकली. तिच्या पिवळ्या बोटांवरून मी तिला ओळखलं. तिनं मला ओळखलं नाही. "बाई नाहीत" असं सांगायला मी तोंड उघडलं आणि तोंडातून आलं, "काय होतंय?"

आता बघा. तपासू नये, असं कलम आहे. विचारू नये, असं कुठंय?

कमलम्मा पाठदुखीपासून सुरू झाली. पाठीवरून विड्या वळायच्या सुपावर आली, सुपावरून कारखान्यातल्या मुकादमावर, तिथून धाकट्या बहिणीच्या सासरी गेली आणि शेवटी तिच्या आईवर येऊन थांबली. आई वारून सहा महिने झाले होते. तिनं डोळे पुसले. मी नुसता मान हलवत होतो. पाऊण तास झाला.

"औषध?" तिनं विचारलं.

"औषध नाही."

"नाडी बघायची न्हाय?"

"नाडी मी बघत नाही."

ती माझ्याकडं टक लावून बघत राहिली. प्रत्येक नकारासरशी माझी किंमत वाढतेय, हे माझ्या लक्षात आलं नाही. "बरं वाटायलंय," असं म्हणून ती गेली.

पडद्यामागून सारजाबाई आल्या. दवाखान्याच्या आया. केर काढण्यापासून बाळंतपणापर्यंत सगळं त्यांना यायचं.

"धोंडीराम, ह्ये काय चाललंय?"

"काही नाही. पंख्याखाली बसलोय."

"खुर्ची बाईंची हाय."

"खुर्चीबद्दल कलम नाही, सारजाबाई."

"बाई आल्या की तुमचं मुंडकंच कलम हुतंय बगा."

मंगळवारी सकाळी ओसरीवर वीस माणसं होती. मुंबईहून कुणी मोठे डॉक्टर आलेत, इतके मोठे की औषध देतच नाहीत, अशी बातमी पेठेत फिरली होती. जो येईल त्याला मी विचारायचो, "काय होतंय?" आणि गप्प बसायचो. एका हातमागवाल्यानं भावाशी सात वर्षं अबोला असल्याचं सांगितलं. एक म्हातारे गृहस्थ दारातच म्हणाले, "मला काही झालेलं नाही, पण मी बसू का?" ते तासभर बसले.

ज्यांना खराच ताप, खोकला होता त्यांना मी सातव्या कलमाप्रमाणे सिव्हिलला जायला सांगत होतो. ती माणसं मान डोलवून बाहेर जायची आणि परत रांगेच्या शेवटी बसायची. शेवटी सारजाबाईंनी एकेकाला दंडाला धरून रस्त्याला लावलं.

त्या संध्याकाळी मी खानावळीत दोन भाकरी जास्त खाल्ल्या. वाढणाऱ्याला म्हणालो, "आज उकाडा फार होता, नाही?" तो वाढायचा थांबून माझ्याकडं बघत राहिला. इतक्या वर्षांत त्यानं माझं एवढं लांब वाक्य ऐकलं नव्हतं.

बुधवारी रांग फाटकाबाहेर गेली. अकराच्या सुमाराला पडदा सरकला आणि जरीकाठी उपरण्यातले एक गृहस्थ आत आले. ते कल्लप्पा होते, सुताचे व्यापारी आणि आमच्या ट्रस्टचे अध्यक्ष. दवाखान्यात कुणी तोतया डॉक्टर बसलाय, अशी तक्रार त्यांच्याकडं गेली होती. खरं म्हणजे ते नऊ वाजताच आले होते. पण ओसरीवरच्या बायकांनी त्यांना "रांगेत बसा की" म्हणून दोन तास रांगेत बसवलं होतं. पंधरा ऑगस्टला झेंडा लावायला येण्यापलीकडं त्यांनी दवाखाना पाहिलेला नव्हता, त्यामुळं मीही त्यांना माहीत नव्हतो.

ते स्टुलावर बसले. "मी कल्लप्पा," ते म्हणाले.

"मी कंपाउंडर" असं सांगायचं होतं. तीन दिवसांची सवय. तोंडातून आलं, "काय होतंय?"

कल्लप्पांनी रागानं तोंड उघडलं. मग मिटलं. पंखा फिरत होता. उपरण्यानं मान पुसत ते म्हणाले, "जेवण जात नाही."

मी मान हलवली.

"म्हणजे भूक लागते. पण ताटावर बसलं की..." मुलगा अहमदाबादेला गेला होता, सून गेली होती, नातू गेला होता. बायको माहेरी कुणाच्या दुखण्याला गेली ती तिकडंच राहिली होती. घरात बारा माणसांचे पाट मांडायची जागा आणि पाटावर एकटे कल्लप्पा. ते सगळं त्यांनी पायाकडं बघत सांगितलं. उठताना म्हणाले, "मी आलो होतो दुसऱ्याच कामाला. असू दे." आणि डोळे टिपत ओसरीवर जाऊन उभे राहिले.

त्यांच्या पाठोपाठ निंगव्वा आली. मैंदर्गीची म्हातारी, लेकीकडं राहायला आलेली. कपाळावर घामाचे थेंब होते, पण घाम त्या दिवशी सगळ्यांनाच होता.

"काय होतंय?"

"काय न्हाय रं यप्पा. ऐकून घ्येतोस म्हनं तू. गावाकडं शेळ्या हायती, त्येंच्याशी बोलते. हितं लेक कामावर जाती. भित्ताडाशी काय बोलू?" मग शेळ्यांची नावं झाली. कोण गाभण, कोण लबाड. मध्येच ती म्हणाली, "आन् सकाळपास्नं हितं छातीवर म्हशीनं पाय दिल्यागत हुतंय. हा डावा हात बी जड झालाय. त्ये जाऊं दे. तर ती काळी शेळी..."

ती काळ्या शेळीबद्दल बोलत राहिली आणि मी खुर्चीच्या कडेला सरकलो. छातीवर ओझं, डावा हात, घाम. ती तीन लक्षणं मी भिंतीपलीकडून एकोणीस वर्षं बाईंच्या तोंडून ऐकत आलो होतो.

"निंगव्वा, सिव्हिलला जायचं. आत्ता."

"कशाला? तू हाईस की डाक्टर."

"तिथं मोठे डॉक्टर आहेत."

"तितं कोन इचारतंय? मी न्हाय जात. तूच बग काय त्ये." आणि तिनं हात पुढं केला. नाडी बघायला.

तो हात मी धरला असता तर ती खूश झाली असती, बोलत राहिली असती, आणि कदाचित माझ्यासमोरच... पडदा अर्धा उघडा होता. ओसरीवर पन्नास माणसं, त्यांत कल्लप्पा. मी उठून उभा राहिलो, आणि एकोणीस वर्षं सोलापुरात घासलेली माझी भाषा कुठल्या कुठं गेली.

"निंगव्वा, मी डाक्टर न्हाय. मी कंपाउंडर हाय. पलीकडं बाटल्या भरतो. मला ह्यातलं काय बी कळत न्हाय."

ओसरीवर मागून कुणीतरी हळूच म्हणालं, "मंग काल मी समदं सांगितलं, त्ये?"

निंगव्वा माझ्याकडं बघत होती. "मग हितं का बसलास?"

मी पडदा पूर्ण सारला आणि दाराकडं हात केला.

"बरं," ती म्हणाली. "तू संगट चल. मग जाते."

बाहेर कल्लप्पांची मोटार उभी होती. त्यांनी मला काही विचारलं नाही, मागचं दार उघडलं आणि स्वतः पुढं बसले. सारजाबाईंनी आणि मी म्हातारीला उचलून आत ठेवलं. रस्ताभर ती माझं मनगट घट्ट धरून त्या काळ्या शेळीचं सांगत होती. सांगता सांगता आवाज बारीक होत गेला आणि मी आयुष्यात पहिल्यांदा कुणाला तरी "पुढं काय झालं? पुढं काय झालं?" असं ओरडून विचारत होतो.

सिव्हिलमध्ये तिला लगेच आत घेतलं. तिथल्या तरुण डॉक्टरांनी बाहेर येऊन विचारलं, "वेळेवर आणलंत. हार्ट अटॅक आहे. कुणी तपासलं होतं हिला?"

"कुणी नाही."

"मग कसं कळलं?"

"तिनं सांगितलं."

ते माझ्याकडं जरा विचित्र नजरेनं बघून परत आत गेले.

शुक्रवारी बाई आल्या. सारजाबाईंनी सगळं आधीच सांगितलं होतं. बाईंनी मला खुर्चीसमोर उभं केलं.

"तपासलंत?"

"नाही, बाई."

"नाडी?"

"नाही."

"औषध, इंजेक्शन?"

"एक थेंब नाही."

"मग तीन दिवस एवढी माणसं इथं करत काय होती?"

"बोलत होती."

बाई उठल्या, माझ्या खोलीत गेल्या आणि भिंतीवरच्या कागदावर आठवं कलम लिहिलं. कंपाउंडरने डॉक्टरांच्या खुर्चीत बसू नये, तसेच औषध कसे घ्यावे याखेरीज रुग्णांशी काहीही बोलू नये. "कल्लप्पांनी शब्द टाकला म्हणून नोकरी राहिली," त्या म्हणाल्या. "ती म्हातारी दुसरं काही न सांगता नुसती शेळ्यांचंच बोलून गेली असती, तर?"

हा प्रश्न मला अजूनही अधूनमधून पडतो.

निंगव्वा तीन आठवड्यांनी मैंदर्गीला परत गेली. कल्लप्पा पंधरा ऑगस्टला आले, माझ्या हातावर पेढा ठेवला, पण नजर झेंड्याकडं होती. बाकीच्यांचंही तसंच. ज्याला घरातलं सगळं सांगितलं तो बाटल्या भरणारा निघाला म्हटल्यावर, खिडकीतले हात जरा घाईनं मागं जायला लागले. एकटी कमलम्मा त्या बुधवारी कामावर होती, तिला काही कळलं नव्हतं. ती एकदा खिडकीबाहेरून म्हणाली, "त्ये ऐकनारे डाक्टर कुटं गेले?"

"बदली झाली," मी म्हणालो. "ही बाटली दिवसातून तीनदा."

आणि मग एका दुपारी, रुग्ण संपल्यावर, दाक्षायणीबाई माझ्या खोलीत आल्या आणि माझ्या स्टुलावर बसल्या. अशा त्या कधीच आल्या नव्हत्या. मी बाटल्या धूत होतो.

"पुण्याला तीनशे डॉक्टर होते, धोंडीराम," त्या म्हणाल्या. "चार दिवस. एकाही जेवणाला माझ्या टेबलावर कुणी येऊन बसलं नाही."

मी ओल्या हातानं भिंतीकडं बोट केलं. "बाई, आठवं कलम."

"मी रुग्ण नाही."

मग त्या तासभर बोलल्या. काय बोलल्या ते मी सांगणार नाही. मी मान हलवत होतो. शेवटी त्या उठल्या, पदर सावरला, दारापर्यंत गेल्या आणि वळून म्हणाल्या, "तुमचं कसं चाललंय?"

असं कुणी विचारलं तर काय काय सांगायचं, याची माझ्याकडं नऊ वर्षांची तयारी होती. बायकोचं होतं, रविवारचं होतं, खोलीत अजून तसाच ठेवलेल्या तिच्या कपाचं होतं. बाई दारात उभ्या होत्या. त्यांना अजिबात घाई नव्हती.

"ठीक आहे, बाई," मी म्हणालो. "खोकल्याच्या औषधाचं ज्येष्ठमध तेवढं संपत आलंय."

"मागवते," म्हणाल्या, आणि गेल्या.

ज्येष्ठमध मात्र दुसऱ्याच दिवशी आलं. चांगलं पाच किलो.