आत्माराम आबांचं टेलिफोन विधेयक

आत्माराम आबांना साधं बोलता येत नसे. टपरीवर चहा मागायचा तरी ते कायदा करत. "कलम एक," ते म्हणत, "चहा निम्मा. कलम दोन, साखर पुरी. अपवाद : सोबत मास्तर असल्यास दोघांनाही चहा पुरा." मास्तर म्हणजे मी. टपरीवाला हसायचा, पण चहा कलमाप्रमाणेच यायचा.

धुळ्यात कोर्टाच्या मागच्या गल्लीत तेव्हा माझे टायपिंगचे वर्ग होते. ऐंशीचं दशक संपत आलं होतं. वर्गातल्या पोरी घरी गेल्या की मी बाहेरची कामं टाइप करून द्यायचो, अर्ज, करारनामे, असलंच काही. आबा कोर्टात कारकून होते, निवृत्त होऊन नरडाण्याच्या पलीकडे, डांबरी रस्ता सोडून आत असलेल्या आपल्या गावी एकटेच राहत होते. बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती. आठवड्यातून एकदा एसटीने धुळ्याला यायचे, डोक्यावर टोपी, काखेत छत्री, आणि छत्रीत गुंडाळलेले कागद. छत्री त्यांनी पावसात उघडलेली मी पाहिली नाही. उघडली तर कायदा भिजेल, असं त्यांचं म्हणणं.

कायदा म्हणजे टेलिफोनचा कायदा. राज्यातल्या प्रत्येक गावात सगळ्यांसाठी एक टेलिफोन असावा, असं विधेयक आबांनी स्वतः लिहिलं होतं. आमदाराने ते अशासकीय विधेयक म्हणून विधानसभेत मांडायचं आणि सभागृहाने मंजूर करायचं, एवढंच बाकी होतं, असं ते अगदी सहज सांगत. मसुद्यात दर आठवड्याला सुधारणा व्हायची. मी टाइप करायचो, आबा शेजारी बसून प्रत्येक स्वल्पविरामावर नजर ठेवायचे. "मास्तर, 'करावे' नको, 'करील' घाला. 'करावे'ला कोणी भीत नाही."

गावात टेलिफोन नव्हता असं नाही. कापसाचा व्यापार करणाऱ्या शेठच्या दुकानात एक होता. शेठ भला माणूस. कोणालाही नाही म्हणायचा नाही. पण फोन त्याच्या गादीजवळ, आणि गादी उंच ओट्यावर. बायकांनी बाजारपेठेतल्या त्या ओट्यावर चढायचं नाही आणि भिलाटीतल्या, म्हणजे भिल्लवस्तीतल्या लोकांनी तर नाहीच नाही, असा गावाचा जुना रिवाज. शेठने तो केलेला नव्हता आणि मोडलाही नव्हता. फोनची वायर खालपर्यंत पोचत नसे. मग बोलणारा खाली उन्हात उभा राहायचा आणि वर बसलेला मुनीम त्याचं बोलणं फोनमध्ये सांगायचा. ऊसतोडीला गेलेल्या नवऱ्याला कोणी बाई काही विचारायची, तर मुनीम मोठ्याने ओरडायचा, "ती विचारते, ताप उतरला का? तो म्हणतो, उतरला. ती विचारते, मग घरी कधी येशील?" त्यावर नवरा काय म्हणाला हे तिच्याआधी सगळ्या बाजाराला कळायचं.

आबा हे प्रसंग मुनिमाच्या आवाजात करून दाखवत, आणि आम्ही हसायचो. हसून झाल्यावर ते शांतपणे म्हणत, "हसा. पण त्या बाईला नवऱ्याशी जे बोलायचं होतं ते राहूनच गेलं."

म्हणून त्यांच्या विधेयकात पहिली अट अशी होती की टेलिफोन कोणाच्या घरात वा दुकानात असणार नाही. तो अशा जागी असेल जिथे गावातला कुठलाही माणूस कोणाला न विचारता पायरी चढू शकेल. त्याला दार असेल आणि ते आतून लावता येईल. दर परवडणारा असेल, आणि मृत्यूची बातमी कळवायला पैसे पडणार नाहीत. बाहेरगावचा फोन आला तर ज्याचा असेल त्याला बोलावून आणायला ग्रामपंचायत माणूस ठेवील. एवढं सगळं ठीक होतं. शेवटचं कलम मात्र ऐकणारा प्रत्येक जण दोनदा विचारायचा. ज्याला फोन आला आहे त्याने रुसवा, मानापमान, भाऊबंदकी बाजूला ठेवून यायलाच हवं, न आल्यास तो शिक्षेस पात्र राहील.

"आबा, फोन घ्यायला न जाणं हा गुन्हा कसा होईल?" मी विचारलं.

"गुन्हाच आहे," ते म्हणाले. "टाइप करा."

आबांबरोबर मी एकदा आमदारांच्या बंगल्यावर गेलो होतो. आमदारसाहेब माणसांना कंटाळणारे नव्हते. त्यांनी कागद पूर्ण वाचले आणि समजावून सांगितलं की आबा, टेलिफोन हा विषय केंद्राच्या यादीत आहे, राज्याला त्यावर कायदा करता येत नाही. कोर्टात आयुष्य काढलेल्या आबांना हे माहीत नसणं शक्यच नव्हतं. त्यांनी मान डोलावली.

"तार केंद्राची," ते म्हणाले. "यंत्रही केंद्राचं. पण ज्या ओट्यावर ते ठेवलंय तो ओटा राज्याच्या हद्दीत येतो, साहेब. मी ओट्यावर कायदा मागतोय."

आमदारसाहेब खूप हसले आणि कागद पुन्हा चाळू लागले. त्यांना मुद्दा पटला असावा. म्हणाले, शेवटचं कलम तेवढं काढा, त्याने सभागृहात हसं होईल. बाकीचं मी मुंबईला घेऊन जातो, जमेल तसं मांडतो.

माझ्या मते आबांनी त्याच क्षणी हो म्हणायला हवं होतं. इतक्या वर्षांच्या एसटीच्या धक्क्यांचं चीज झालं असतं. पण आबा खुर्चीवरून उठले, कागद पुन्हा छत्रीत गुंडाळले आणि म्हणाले, "बाकीची बठ्ठी कलमं काढा साहेब, ते एक राहू द्या."

मग मात्र बोलणं संपलं. परतताना मी त्यांच्यावर चिडलो. हटवादीपणाने माणूस हातातलं घालवतो, असं काहीबाही बोललो. ते ऐकून घेत होते. स्टँडवर बस लागल्यावर एवढंच म्हणाले, की हटवादीपणाबद्दल मला सांगू नका मास्तर, तो विषय माझ्या चांगला परिचयाचा आहे.

त्यानंतर ते हिवाळी अधिवेशनाला नागपूरला जाऊन आले. भाकरी-चटणी बांधून घेऊन गेले, कोणाच्या तरी ओळखीने प्रेक्षक गॅलरीचा पास मिळवला. परत आल्यावर मी उत्सुकतेने विचारलं, तर म्हणाले, "सगळे एकदम उभे राहून बोलतात. ऐकायला कोणी नेमलेलाच नाही." पुढच्या निवडणुकीत आमचे आमदारसाहेब पडले. नव्या आमदारांनी आबांना बसायला सांगितलं, चहा पाजला आणि कागद ठेवून घेतले. ते कागद पुढे कुठे गेले कोणाला कळलं नाही. विधेयक कधीच मांडलं गेलं नाही.

टेलिफोन मात्र आला. नव्वदनंतर एसटीडी बूथची लाट आली तेव्हा त्यांच्या गावालाही एक मिळाला. कोणाच्या कायद्याने नाही, असाच आला. बूथ भिकनला मिळाला होता. भिकन तिशीतला, लहानपणी पोलिओने दोन्ही पाय गेलेले. ग्रामपंचायतीच्या शेजारी पत्र्याची खोली, पिवळी पाटी आणि आत काचेची केबिन. केबिनला दार होतं. आतून लावता येत होतं.

मला वाटलं, आता आबा धुळ्याला येऊन मोठा पेढ्यांचा पुडा माझ्यापुढे ठेवतील. ते आलेच नाहीत. महिने गेले. आजारी असतील म्हणून एका रविवारी मीच त्यांच्या गावी गेलो.

आबा घरी नव्हते. बूथवर सापडले. बाकावर बसले होते, उन्हाने काळे पडलेले, पायातल्या चपला झिजून पातळ झालेल्या. बाहेरगावाहून फोन आला की भिकन नाव सांगायचा, आणि ज्याचा फोन असेल त्याला आबा बोलावून आणायचे. मळ्यात असेल तर मळ्यात, भिलाटीत असेल तर भिलाटीत. फोन करणाऱ्याला अर्ध्या तासाने पुन्हा लावायला सांगायचं, तेवढ्यात माणूस हजर. भिकनला चालता येत नव्हतं आणि ग्रामपंचायतीने माणूस ठेवलेला नव्हता, म्हणून आबांनी स्वतःच स्वतःची नेमणूक केली होती.

"बिनपगारी," भिकन मला म्हणाला. "आणि ऐकत नाहीत."

मी बसलो असतानाच फोन वाजला. भिकनने ऐकलं आणि आबांकडे पाहिलं. सुरतेहून सुनंदा होती, लक्ष्मण महाजनाची मुलगी. मागच्या वर्षी तिने घरच्यांच्या मर्जीविरुद्ध लग्न केलं होतं. नवरा सुरतेत मागावर कामाला. लक्ष्मणने तिचं नाव टाकलं होतं. भिकनने सांगितलं, की ती मधूनमधून फोन करते आणि लक्ष्मण येत नाही. आबा जातात आणि हात हलवत परत येतात.

आबा उठले. मीही त्यांच्याबरोबर गेलो.

लक्ष्मण ओसरीवर चाऱ्याच्या पेंढ्या बांधत होता. आम्हाला पाहताच काय ते समजला. "आबा, मी येवाव नही," तो मान वर न करता म्हणाला. ती माझी कोणी नाही, तुम्ही आजवर आलात, यापुढे येऊ नका, असंही म्हणाला. आत लक्ष्मणची बायको दाराच्या चौकटीला धरून उभी होती, तिची बोलायची हिंमत नव्हती.

मला वाटलं आता आबा कलम ऐकवतील. ते खाली बसले. ओसरीच्या पायरीवर, त्याच्या चपलांजवळ.

"मनी पोर बी अशीच बलावत व्हती, लक्ष्मण," ते म्हणाले. "मी उठनू नही."

लक्ष्मणचे हात थांबले. आबांना मुलगी होती हे गावाला ठाऊक होतं. ती गेली हेही ठाऊक होतं. पुढचं कोणाला ठाऊक नव्हतं, शेठ आणि मुनीम सोडून.

आबा हळूहळू सांगत गेले. मंगल त्यांची एकुलती एक मुलगी, नशिराबादला दिलेली. त्या वर्षी आबांचं शेठशी गटाराच्या पाण्यावरून भांडण झालं होतं. भांडण तरी कसलं, दोन बादल्या पाण्याचं. पण आबांनी जाहीर केलं होतं की शेठच्या ओट्यावर पाय ठेवणार नाही. मंगलचा शेठकडे फोन आला. शेठने भांडण मनात न ठेवता मुनिमाला उन्हातून पाठवलं. आबांनी निरोप दिला, काम असेल तर पत्र लिही. दुसऱ्या दिवशी पुन्हा फोन आला. मुनिमाने तिला काय काम आहे ते विचारलं, तर ती सांगेना. फक्त म्हणाली, आबांना द्या. आबा गेले नाहीत. त्यानंतरही एकदा आला.

"तिला कावीळ झालती," आबा म्हणाले. "मुनीम बाजारात ओरडील, म्हणून बोलली नाही. मला एकट्याला सांगणार होती."

मग तार आली. नरडाण्याहून सकाळी निघालं तर नशिराबादला दुपारी पोचता येतं. आबा पोचले तेव्हा दारात माणसं जमलेली होती.

लक्ष्मणच्या बायकोने पदर तोंडाला लावला होता. लक्ष्मणने हातातली पेंढी खाली ठेवली, अंगावरचा चारा झटकला आणि चपला शोधू लागला. त्या आबांच्या मागे होत्या. आबांनी त्या स्वतः पुढे सरकवल्या.

आम्ही तिघं बूथवर आलो. फोन पुन्हा वाजला. लक्ष्मण केबिनमध्ये गेला आणि त्याने दार लावून घेतलं. काचेतून तो दिसत होता, बोलणं ऐकू येत नव्हतं. सुरुवातीला तो ताठ उभा होता, पोलिसापुढे उभा राहावा तसा. मग त्याने कपाळ काचेला टेकवलं. आबांनी बाकावर बसल्या बसल्या तोंड दुसरीकडे फिरवलं आणि मलाही फिरवायला लावलं.

बऱ्याच वेळाने दार उघडलं. लक्ष्मणचे डोळे लाल झाले होते. रिसीव्हर त्याने ठेवला नव्हता, हातात धरला होता.

"आबा," तो म्हणाला, "ती म्हणते, बोलवायला कोण आलं होतं, त्यांना द्या."

आबा उठले नाहीत. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, भिकनकडे पाहिलं. मग टोपी नीट केली, आत गेले आणि रिसीव्हर कानाला लावला. दार लावायचं त्यांच्या लक्षात आलं नाही.

पलीकडून ती काहीतरी म्हणाली असेल. आबांनी घसा खाकरला.

"जेवनी का माय?" त्यांनी विचारलं.

ती बोलत राहिली. आबा 'हां' म्हणत होते, थोड्या वेळाने पुन्हा 'हां' म्हणत होते. मग लाइन तुटली. ते आम्हाला बाकापर्यंत ऐकू आलं. आबा मात्र रिसीव्हर कानाला लावून तसेच उभे राहिले, आणि भिकनने तो परत मागितला नाही.