सेरवाच्या कमरेचं हाड

माणसाला स्वतःच्या हाडांतलं काही कळत नाही, तो ती नुसती वापरतो. कळतं ते यंत्राला. म्हणून कुमासी शहरातल्या मोठ्या दवाखान्यात हाडांचा फोटो काढण्याआधी शिरेत औषध टोचतात, पोट तट्ट फुगेपर्यंत पाणी पाजतात आणि अंगावरचं धातूचं सगळं काढायला सांगतात.

कोनफळबाजाराची पुढारीण सेरवा पाय दुखतो म्हणून आली होती. तिने कर्णफुलं काढली, बांगड्या काढल्या. कमरेच्या पितळी मण्यांच्या चार माळा राहू दिल्या. न्हातीधुती झाली तेव्हा आईने बांधलेल्या त्या माळा नवऱ्याशिवाय कुणी पाहिल्या नव्हत्या (आणि तो गेला). परपुरुषासमोर त्यांचं नावही काढत नाहीत.

"अजून काही अंगावर, आजी?" फोटोवाल्याने छताकडे बघत विचारलं.

"काही नाही," सेरवाने भिंतीला सांगितलं.

फोटोत कमरेच्या हाडावर आडवा कोरा पट्टा आला. पाच डॉक्टर जमले. चौघांनी चष्मा पुसला, पाचव्याला चष्मा नव्हता. निदान एकमताने झालं: तेवढं हाड नाहीसं.

"तुम्हाला चालता येणार नाही, आजी," मुख्य डॉक्टर न्यार्को म्हणाले.

"मी चालतच आले."

"ते सवयीने."

सोमवारी कंबर उघडायचं ठरलं. सेरवाचा धाकटा भाऊ द्वोमो कुळाचा प्रमुख. त्याने लगोलग मांडव सांगितला, मयताला येणाऱ्यांनी नेसायचं तांबडं-काळं कापड निवडलं. "आक्का, फलकावर तुझा कुठला फोटो छापू?"

"ज्यात तू नाहीस तो."

रविवारी सेरवाने दार लावून माळा सोडल्या. सोमवारी म्हणाली, कापायच्या आधी परत फोटो काढा. काढला. हाड सबंध.

चूक कुणी शोधली नाही (दवाखान्यात चूक नसते, दुर्मीळ बाब असते). निष्कर्ष निघाला: हाड आठवड्यात उगवलं. तेव्हा त्याचा तुकडा काढून अभ्यास व्हावा.

"नव्हतं म्हणून कापणार होतात," सेरवा म्हणाली. "आता आहे म्हणून?"

"हे शास्त्र आहे, आजी."

"मग तुमच्या आईपासून सुरुवात करा. कंबर तिलाही असेल."

घरी येऊन तिने माळा बांधल्या. मांडव आलाच होता; द्वोमोने त्याखाली देवाचे आभार मानले आणि जेवण घातलं.

आता दवाखान्यापुढे हाडं उगवून घ्यायला रांग लागते. रांगेत शिकलेलेच जास्त; बाकीच्यांना बाजार असतो. हसा खुशाल. पण वाचता वाचता तुम्ही दोनदा गुडघा चोळलात, आणि दवाखान्याचं नाव इथे दिलेलं नाही हे मात्र तुमच्या बरोबर लक्षात आलं.