ट्रंकवाल्या सुमनअक्कांच्या कॅसेटा

सुमनअक्का कांबळ्यांशी गप्पा मारायला बसलं, की बरोबर तीन मिनिटांनी त्या हात वर करायच्या. "तीन मिनिटं झाली. वाढवायचं का?"

पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी घाबरून "नको नको" म्हटलं आणि चहा अर्धा टाकून उठलो. नंतर कळलं, की बाईंनी साताऱ्याच्या ट्रंक एक्स्चेंजमध्ये परगावचे फोन जोडून देत, दर तीन मिनिटांनी हेच विचारत, तीस वर्षं काढली आहेत. नाक्यानाक्यावर एसटीडीचे बूथ आले, डायल फिरवून लोक थेट बोलू लागले आणि अक्कांचं काम संपलं. त्या लवकर निवृत्त झाल्या, सांगलीत विश्रामबागेत आमच्या शेजारी दोन खोल्या घेतल्या. लग्न केलेलं नव्हतं. अंगानं काडी, उंची जेमतेम पाच फूट. पण आवाज असा, की दळण विचारलं तरी गिरणीवाला ताठ उभा राहायचा.

एक्स्चेंजमध्ये असताना खेड्यापाड्यांतली माणसं फोन झाल्यावर त्यांनाच विचारायची, "बाई, म्हैस व्याली, पर वार पडंना, काय करू?" अक्का कुणाला तरी विचारून उत्तर मिळवायच्याच. निवृत्तीनंतर विचारणारंच कुणी उरलं नाही. असं वर्ष गेलं. मग एक दिवस कॉलेजच्या ग्रंथालयात माझ्या टेबलासमोर येऊन उभ्या राहिल्या.

"देसाई, इथं किती पुस्तकं आहेत?"

"असतील वीस-पंचवीस हजार."

"शिराळा तालुक्याच्या वाड्यावस्त्यांवर किती पोचतात?"

मी रजिस्टर पुढं ओढलं. मी क्लार्क.

"तिथं फोन नाही, पेपर नाही. पण मुंबईहून नाहीतर मिलिटरीतून कुणीतरी आणलेला टेप घरोघरी आहे. वाचता येत नसलं तरी बटण दाबता येतं की नाही?"

झालं. शेजाऱ्यांच्या घरातल्या जुन्या कॅसेटा गोळा झाल्या. माझ्या मेहुण्याच्या लग्नातला बँड पुसून तिथं 'कोंबड्यांची मर' हा विषय आला. अक्कांचं गणित पक्कं होतं : एक विषय तीन मिनिटं, तासाच्या कॅसेटमध्ये अठरा विषय, शेवटी थोडी फीत कोरी. पुस्तकं मी आणायची, डॉक्टरांना त्या गाठायच्या, आणि स्वयंपाकघराच्या खिडकीला घोंगडी लावून रेकॉर्डिंग करायचं. काविळीच्या विषयात पाणी उकळून प्या म्हणताना शेजारच्या कुकरच्या दोन शिट्ट्या आल्या. लोकांना वाटेल, पाणी दोन शिट्ट्या होईपर्यंत उकळायचं असतं. मी म्हटलं, "अक्का, दुरुस्त करा." त्या म्हणाल्या, "उकळतील ना? मग राहू द्या." पुढं फार उशिरा कळलं, एका वाडीत खरंच तशी समजूत झाली होती.

एसटीचे कंडक्टर कॅसेटा घेऊन जायचे, महिन्याभरानं परत आणायचे. त्यांच्यावर हळद, पीठ, कधी शेण असायचं. निरोप मात्र काही नसायचा.

"ऐकतं कोण, अक्का?" मी एकदा विचारलं.

"माहीत नाही," त्या म्हणाल्या. त्या दिवशी तीन मिनिटं व्हायच्या आतच त्या उठल्या.

सगळ्यात जास्त घाम गाळला तो सर्पदंशावर. शिराळ्याकडं नाग म्हणजे देव. उगाच काही बोललं तर कॅसेट विहिरीत जायची. सात वेळा लिहून फाडलं. शेवटी रेकॉर्ड झालं ते असं : "कापू नका, चोखू नका, करकचून बांधू नका. पाय हलू देऊ नका. देवाला नमस्कार जरूर करा, पण दवाखान्याला जाणाऱ्या जीपमध्ये बसून करा."

पुढं श्रावण लागायच्या आधी, एका दुपारी, डोक्याला टॉवेल गुंडाळलेला एक माणूस आमच्या दारात आला.

"कॅसेटवाल्या बाई हितंच ऱ्हात्यात का?"

मी त्याला अक्कांकडं नेलं. त्यानं आधी त्यांचे पाय धरले, मग सांगायला लागला. त्याच्या बायकोला, हिराबाईला, गवत कापताना नाग चावला. लोक मांत्रिकाकडं धावले. "पर आमची म्हातारी लय खमकी. तिनं अंगनात टेप लावला मोठ्यानं. म्हनली, आदी बाईचं ऐका, मग काय करायचं ते करा. तुमी बोलाय लागला आन् समदी गप झाली. फळी लावून पाय बांधला, जीप बलिवली. मांत्रिकबी बसला जीपमदी, मंत्र म्हनत."

"आणि हिराबाई?" अक्कांचा आवाज पहिल्यांदाच बारीक ऐकला मी.

"इंजेक्शनं दिली डाक्टरनं. हाय की! घरी बसून मलाच शिव्या देती. तुमास्नी बलिवलंय तिनं."

दोन दिवसांनी आम्ही गेलो. वाडीच्या फाट्यावर हलगी वाजत होती, बाया ताटं घेऊन उभ्या होत्या. एसटीतून आमच्याबरोबर एक उंच, भरदार नर्सबाई उतरल्या. सगळ्या बाया त्यांच्याकडं धावल्या, कुंकू लावलं, हार घातला. एवढा मोठा आवाज म्हणजे बाई तेवढीच मोठी असणार! नर्सबाई "अहो, मी नाही" म्हणत होत्या, हिराबाईचा नवराही मागून ओरडत होता, पण हलगीपुढं ऐकतंय कोण.

तेव्हा मागून अक्का म्हणाल्या, "मी कांबळे."

दोनच शब्द. हलगी थांबली. सगळी वाडी गर्रकन वळली. "ह्योच! ह्योच आवाज!" म्हणत बायांनी अक्कांना अक्षरशः उचललं. हिराबाई लंगडत आली आणि त्यांच्या गळ्यात पडली. मांत्रिकानं हळूच मला विचारलं, "सायेब, बाईंची दम्याची कॅसेट हाय का? मलाच पायजे." आख्ख्या वाडीत अक्का राणीसारख्या फिरल्या. घराघरांतून त्यांचाच आवाज त्यांना ऐकवला गेला.

निघताना म्हातारीनं शेंगांच्या पिशवीत ती सर्पदंशाची कॅसेट घातली. "घरला जाऊन पुरी ऐका."

दुसऱ्या दिवशी सकाळी अक्कांनी मला बोलावून टेप लावला. त्यांचे विषय संपले, थोडी खरखर झाली आणि मग बायांचे आवाज आले. त्यांनी रेकॉर्डिंगचं लाल बटण शोधून काढलं होतं.

"बाई, मी हिराबाई. तुमी जेवला का वो?" मग दुसरी, तिसरी, कुणाचं हसू, कुणाचं "सरक की, मला बोलू दे." शेवटी म्हातारी : "कंडक्टर म्हनत हुता, तुमी एकल्याच ऱ्हाता. पंचमीला म्हायेरपनाला हिकडंच या, पोरी."

अक्कांनी टेप बंद केला. "तीस वर्षं दुसऱ्यांचे ट्रंककॉल जोडले, देसाई," त्या म्हणाल्या. "माझ्या नावानं एकही आला नव्हता."

कॅसेटच्या मागच्या कडेला प्लॅस्टिकचे दोन इवलेसे तुकडे असतात. ते मोडले, की तिच्यावर पुन्हा काही रेकॉर्ड करता येत नाही. अक्कांनी कॅसेट बाहेर काढली, पदरानं पुसली, आणि नखानं ते दोन्ही तुकडे मोडून टाकले.